मदत हवी आहे: गल्लीत रस्त्याचे दिवे यावेत म्हणून मत देऊ की नको? (टूसॉन, अ‍ॅरिझोना)

शेंगाचटणी:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे. इथे लाइटिंगमधले, आकाशनिरीक्षणवाले आणि आईवडिलांना परदेशात आणून सांभाळणारे असे सगळेच येतात, म्हणून इथेच टाकतोय.

आम्ही टूसॉनच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी राहतो. ८४ घरांची वस्ती आणि रस्त्यावर एकही खांब नाही. पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारतो, "लाइट गेलीय का?" गेलेली नसते. या भागातल्या बऱ्याच वस्त्या अशाच आहेत. बाहेरच्या दिव्यांवर इथे १९७२ पासून नियम आहेत, कारण आसपासच्या डोंगरांवर वेधशाळा. नैर्ऋत्येला ९० किलोमीटरवर किट पीक वेधशाळा आहे, तोहोनो ओओधाम या इथल्या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर. दुर्बीणवाल्यांना त्यांनी 'लांब डोळ्यांची माणसं' असं नाव दिलं होतं. आम्हाला सात वर्षं या अंधाराचं काही वाटलं नाही.

मार्चमध्ये आई सोलापूरहून आली. वय ७१. मे महिना लागला की दिवसा बाहेर पडायची सोय नाही, म्हणजे तिचा फेरफटका रात्री साडेआठनंतर. तीन आठवड्यांपूर्वी परत येताना ती फुटपाथच्या कडेला ठेचकाळून पडली. मनगटाला बारीक फ्रॅक्चर. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या एका गाडीची काच फुटली. झालं, आमच्या एचओएने (म्हणजे आपली सोसायटीच, फक्त जास्त खडूस) प्रस्ताव आणला: ११ खांब, ४००० केल्विनचे (उजेडाच्या रंगाचं माप) एलईडी, प्रत्येकी ७००० ल्यूमेन (किती उजेड याचं माप), रात्रभर चालू. खर्च सगळ्यांत वाटून.

बायको म्हणते डोळे मिटून 'हो' म्हण. शेजारचे आजोबा निवृत्त शिक्षक, मागच्या अंगणात मोठी दुर्बीण. ते घरोघर जाऊन 'नको'साठी सह्या गोळा करताहेत. माझ्या दारी आले, आईच्या हाताचा पट्टा बघितला आणि कागद न काढताच पाणी पिऊन गेले. तेव्हापासून मलाच अपराधी वाटतंय.

दिव्यांनी पडणं-झडणं, चोऱ्या खरंच कमी होतात का? आणि लावायचेच तर कुठले लावले की आकाशही राहील? मतदान २० दिवसांवर आहे.

---

रातकिडा:

पुण्यात बावीस वर्षं रस्त्यांच्या दिव्यांचं काम केलंय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

प्रस्तावातला ४००० आकडा आधी खोडा. केल्विन जितके जास्त तितका उजेड निळसर, आणि निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने रात्री शहरावर पांढुरका घुमट उभा राहतो. ३००० ही वरची मर्यादा समजा, २२०० मिळाला तर उत्तम. दुसरं, ७००० ल्यूमेन घराघरांमधल्या गल्लीला? फारच झाले. अडीच-तीन हजार पुष्कळ झाले. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: दिव्याचं तोंड. फुल कटऑफ म्हणजे आडव्या रेषेच्या वर एक किरणही जाता कामा नये. तुम्ही रस्त्यावर उभे आहात आणि लांबून दिव्याचा बल्ब डोळ्यांना दिसतोय, तर तो दिवा चुकीचा. रस्ता दिसला पाहिजे, दिवा नाही.

तुमच्याच शहराची एक गंमत सांगतो. टूसॉनने आपले जवळजवळ २०,००० रस्त्यावरचे दिवे एलईडी केले आणि ते मध्यरात्रीनंतर मंद होतात. २०१९ मध्ये संशोधकांनी महापालिकेला सांगून १० रात्री त्यातल्या सुमारे १४,००० दिव्यांची तीव्रता मुद्दाम कमी-जास्त केली आणि उपग्रहातून मोजलं. वरून दिसणाऱ्या उजेडात रस्त्याच्या दिव्यांचा वाटा निघाला साधारण २० टक्केच. बाकीचा दुकानांचा, पार्किंगचा, पाट्यांचा, मैदानांचा आणि तुमच्या-आमच्या घरांचा. त्यामुळे खांबांवर भांडण्याआधी आपल्या भिंतीवर काय लावलंय ते बघावं.

आणि एक विचारायचं राहिलं. आई नेमक्या कुठे पडल्या? तिथे खरंच अंधार होता?

---

वऱ्हाडी_हिसका:

आमच्या गावच्या चौकात हायमास्ट बसवला. उद्घाटनाला मंडप, सत्कार, नारळ, सगळं झालं. आता चौकात दाढी करता येते इतका उजेड, आणि चौकातून गल्लीत वळलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. पूर्वी गल्लीतलं कुत्रं तरी दिसत होतं.

पण पेंचला जाऊन आलो तेव्हा वेगळं बघितलं. जानेवारी २०२४ मध्ये तो व्याघ्र प्रकल्प भारतातला पहिला डार्क स्काय पार्क (रात्रीचं अंधारं आकाश जपणारी जागा) झाला. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा इथले शंभराहून जास्त दिवे बदलून खाली तोंड असलेले लावले. गावात अंधार नाही, रस्ता नीट दिसतो. वर बघितलं तर आकाशगंगा. म्हणजे जमतं.

---

सांजवात:

मी जरा उलट बोलते, राग मानू नका. अंधाराचं कौतुक करणाऱ्यांत गाडीने घराच्या आत शिरणारे जास्त असतात. मी फीनिक्सला नवीन असताना रात्री दहाला बसस्टॉपवरून एकटी चालत यायची. किल्ली मुठीत, फोन कानाला, पलीकडे कोणीच नाही, तरी "हो हो, पोचलेच" असं बोलत. तेव्हा मला आकाशगंगा नको होती.

आकडे म्हणाल तर दोन्हीकडचे आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी घरांच्या काही वसाहतींत तात्पुरते मोठे दिवे लावून बघितले, तिथे रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. उलट इंग्लंड-वेल्समध्ये ६२ ठिकाणच्या नगरपालिकांची माहिती २०१५ साली तपासली. त्यांनी दिवे मंद केले होते किंवा मध्यरात्रीनंतर बंद केले होते. तिथे अपघात किंवा गुन्हे वाढल्याचं दिसलं नाही. माझ्या मते ८४ बंगल्यांची वस्ती न्यूयॉर्कच्या त्या वसाहतींसारखी नाही. तरी 'नको'वर सही करण्याआधी तुमच्या वस्तीत रात्री पायी चालतं कोण, हे विचारा. घरकाम करून जाणाऱ्या बायका असतील, त्यांना मत नाही.

---

अनुराधा_नक्षत्र:

अ‍ॅरिझोनातल्याच फ्लॅगस्टाफहून. आमचं गाव वाळवंटात नाही, पाइनच्या जंगलात आहे, पण या बाबतीत तुमचं थोरलं भावंड. जाहिरातींचे सर्चलाइट आकाशात फिरवायला इथे १९५८ मध्येच बंदी आली आणि २००१ मध्ये हे जगातलं पहिलं 'डार्क स्काय' शहर ठरलं. प्लूटो सापडला तो इथल्याच लॉवेल वेधशाळेत, १९३० साली. रस्त्यावरचे दिवे मधासारखे पिवळे. माझी मुलगी पहिल्यांदा फीनिक्सला गेली तेव्हा म्हणाली, इथले दिवे दवाखान्यासारखे का आहेत?

सांजवात यांचा मुद्दा पटला. आमच्याकडे दिवे नाहीत असं नाही, दिवे आहेत आणि बायका चालतात. 'दिवे की अंधार' असा प्रश्नच चुकीचा मांडलाय तुमच्या सोसायटीने.

---

शेंगाचटणी:

उशीर झाला, माफ करा. रातकिडा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने माझी चांगलीच जिरवली. सविस्तर सांगतो.

रविवारी रात्री आईला घेऊन त्याच रस्त्याने त्याच वेळी निघालो. टॉर्च मुद्दाम बंद. पहिली दहा मिनिटं मीच चाचपडत होतो, ती मात्र निवांत. "लोडशेडिंगमध्ये गच्चीवर अंथरुणं घालायचो तेव्हा कोण दिवा धरायचं?" अर्ध्या तासाने मलाही वाळूचा पांढरा पट्टा, निवडुंगाची सावली, फुटपाथची कड, सगळं दिसायला लागलं. मध्येच ती थांबली आणि उत्तरेकडे बघून म्हणाली, "ध्रुव एवढा वर कसा चढला रे?" सोलापूरला तो क्षितिजापासून साडेसतरा अंशांवर, इथे बत्तीस. सात वर्षांत मी एकदाही वर मान करून बघितलं नव्हतं.

मग वळण घेऊन आमच्या घरासमोर आलो आणि फाडकन डोळ्यांवर पांढरा झोत. माझ्याच गॅरेजवरचा फ्लडलाइट. हालचाल झाली की पेटणारा, ५००० केल्विन, खोक्यावर 'डेलाइट' लिहिलेला, मीच शिडी लावून बसवलेला. तोंड सरळ रस्त्याकडे. आई जागच्या जागी थबकली, कपाळावर हात धरला आणि म्हणाली, "इथंच. इथंच पडले मी." फुटपाथची कड दिव्याच्या झगमगाटात पार गायब. ती अंधारात पडली नव्हती. माझ्या उजेडात पडली होती.

दिवा बंद करून बघितलं तर कड दिसते. पेटवला की जाते. चार वेळा करून बघितलं. बायकोने खिडकीतून विचारलं, काय सिग्नल देताय का कोणाला.

दुसऱ्या दिवशी आजोबांकडे गेलो. त्यांच्या कुंपणावर आमच्या बाजूला एक काळं जाड कापड टांगलेलं असतं, मला वाटायचं उन्हासाठी आहे. ते माझ्या दिव्यासाठी होतं. तीन वर्षं. एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, सांगायचं होतंत. ते म्हणाले, तुमच्याकडे लहान मूल आहे, वाटलं भीतीपोटी लावला असेल.

रात्री त्यांनी आईला वृश्चिक राशीतली, म्हणजे आकाशातल्या विंचवातली ज्येष्ठा दाखवली, दुर्बिणीतून लालभडक. मग हातात जांभळ्या उजेडाची छोटी टॉर्च देऊन भिंतीकडे वळवलं. अतिनील उजेडात विंचू हिरवट चमकतात, हे ऐकून होतो, आपल्याच आवारात बघितलं नव्हतं. आई मोजत गेली. आत येऊन बायकोला सांगते कशी, "वर एकच विंचू आहे गं, खाली सात." आता फेरफटक्याला पायात बंद बूट आणि ती टॉर्च सक्तीची.

सांजवात, तुमचं ऐकून विचारलं. दोन बायका रात्री साडेनऊला साफसफाईचं काम आटोपून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जातात. त्यांना भीती वाटते ती फाटकाजवळच्या उतारावर आणि टपालपेट्यांच्या कोपऱ्यावर, बाकी ठिकाणी नाही. तिथे दोन बुटके खाली तोंड असलेले दिवे लावावेत, २२०० केल्विन, अकरानंतर मंद, आणि बाकीचे खांब रद्द, अशी दुरुस्ती मी मांडणार आहे. आजोबा सही करायला तयार आहेत. ज्यांची काच फुटली ते नाहीत. ते म्हणतात, काच त्यांच्या स्वतःच्या दिव्याखालीच फुटली, तरी खांब हवेत. त्यांच्याशी काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

एक व्यवहाराचं विचारतो. गॅरेजचा दिवा बदलायचाय. इथल्या दुकानात २२०० चा फ्लडलाइट मिळत नाहीये. किडे येऊ नयेत म्हणून पिवळा 'बग लाइट' बल्ब मिळतो, तो चालेल?

---

रातकिडा:

धावेल. साठ वॉटच्या जुन्या बल्बाइतका उजेड बास. फक्त त्याला वरून आणि बाजूंनी झाकणारी टोपी घ्या, आणि शिडीवरून उतरल्यावर रस्त्यावर आई उभ्या राहतात तिथे उभं राहून बघा. बल्ब दिसला तर पुन्हा वर चढा. सेन्सरची वेळ एक मिनिटावर आणा. त्या फुटपाथच्या कडेला पांढऱ्या रंगाचा चार बोटं रुंद पट्टा मारा, सोसायटी परवानगी देत असेल तर. नाही दिली तर पांढरे गोटे ठेवा, त्याला कोण परवानगी मागतंय.

काच फुटलेल्यांना एवढंच विचारा, दिवा चालू असताना चोराला काय दिसलं असेल. पुढे काही बोलू नका.

---

सांजवात:

त्या दोघींना मीटिंगला बोलवा. मत नसलं तरी बोलता येतं. आणि आईंचा हात कसा आहे ते लिहिलंच नाहीत.

---

शेंगाचटणी:

हाताचा पट्टा सोमवारी निघाला. आता पोळ्या तीच लाटते, ऐकत नाही. गोटे आणायला आज नर्सरीत निघालोय.