विषय: शनिवारचे ढोल

मंगळवार, 19 मार्च 2019, रात्री 9:40
प्रेषक: सेक्रेटरी

नमस्कार मंडळी,
कालपासून चार फोन आले म्हणून एकदाच लिहिते. 23 तारखेच्या लंडनच्या मोर्चाला मंडळाचे ढोल मिळणार नाहीत. बॅनरही नाही. आपण नोंदणीकृत चॅरिटी आहोत. ब्रिटननं युरोपियन युनियन सोडावं का यावर 2016 नंतर दुसरं सार्वमत मागणं आपल्या उद्दिष्टांत कुठे बसतं ते कुणीतरी दाखवा. पाडवा 6 एप्रिलला आला, तालमी शनिवारीच आहेत. ज्याला जायचं त्यानं आपापलं जावं, मीही कदाचित जाईन. विषय संपला.

—

मंगळवार, रात्री 10:15
प्रेषक: ताशावाली

ताई, बॅनर मागितला कुणी? तीन ढोल आणि एक ताशा, एवढंच. बारा वाजता पार्क लेनला जमायचं, पार्लमेंट स्क्वेअरपर्यंत चालायचं, रात्री ढोल जागेवर. ऑक्टोबरच्या मोर्चात आमच्या मागे कुणीतरी ड्रम बडवत होतं, एक ठेका धड नव्हता. तेव्हाच ठरवलं होतं.
आणि 2016 ला मी सतरा वर्षांची होते. स्कॉटलंडनं 2014 च्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांना मत दिलं होतं. इथे मला नाही मिळालं, आणि निकाल मात्र जन्मभर मीच भोगायचा.

—

बुधवार, 20 मार्च, सकाळी 7:05
प्रेषक: वॉटफर्डचे काका

ढोल माझ्या गॅरेजमध्ये आहेत, किल्ली माझ्याकडे आहे, आणि मला कुणी विचारलंही नाही. मागच्या गणपतीत ढोल पावसात भिजवून आणलात, पान कुणी बदललं? मी. स्वतःच्या पैशानं.
राहिलं सार्वमत. आमच्या वॉटफर्डमध्ये लीव्ह, म्हणजे 'सोडा', 252 मतांनी आलं, त्यातलं एक माझं. 1975 लाही मी मत दिलं होतं, तेव्हा 67 टक्के लोक राहा म्हणाले. ते न पटणारी माणसं एक्केचाळीस वर्षं थांबली. तुम्हाला तीन वर्षं दम निघत नाही? आऊट दिल्यावर मैदान सोडायचं असतं.

—

बुधवार, सकाळी 8:30
प्रेषक: रेडिंगच्या वहिनी

काका, पानाचे पैसे खजिनदारांकडून घ्या, मी मागेच म्हटलं होतं.
पण थांबले कोण? 2016 च्या मतदानाआधीच एक अर्ज पार्लमेंटच्या वेबसाइटवर चढला होता: जिंकणाऱ्या बाजूला 60 टक्के नसले आणि मतदान 75 टक्क्यांखाली असलं तर पुन्हा घ्या. तो टाकणारा लीव्हवाला होता, आपण हरणार असं वाटून. निकालानंतर त्यावर चाळीस लाखांवर सह्या झाल्या, त्या मात्र आमच्या. 51.9 विरुद्ध 48.1 हे उलटं लागलं असतं तर तुमची बाजू गप्प बसली असती का?
दोनदा विचारणं नवीन नाही. डेन्मार्कनं 1992 ला युरोपच्या मास्ट्रिख्ट कराराला नाही म्हटलं, 1993 ला हो. आयर्लंडनं नीस कराराच्या वेळी 2001 ला नाही, 2002 ला हो. लिस्बन कराराच्या वेळीही तेच, 2008 ला नाही, 2009 ला हो.

—

बुधवार, सकाळी 8:52
प्रेषक: वॉटफर्डचे काका

हेच तर मी म्हणतो. 'हो' येईपर्यंत विचारायचं आणि 'हो' आलं की थांबायचं. तुमच्या तिन्ही उदाहरणांत 'हो' नंतर तिसऱ्यांदा कुणी विचारलं?

—

बुधवार, सकाळी 11:10
प्रेषक: नाटक विभाग

नायिका मोर्चाला जाणार आहे असं कळलं. शनिवारी नाटकाची तालीम दोनला ठेवायची की साडेचारला? हॉल सहापर्यंतच आहे. कृपया आज सांगा.

—

बुधवार, दुपारी 1:25
प्रेषक: स्लाउचा एक सभासद

इथे मी सहसा लिहीत नाही. मीही लीव्हला मत दिलं आणि त्याची लाज वाटत नाही. माझी आई एकटी होती. 2012 नंतर म्हाताऱ्या आईवडिलांना इथे आणण्याचे नियम इतके कडक झाले की अर्ज नाकारला गेला. समोरच्या घरात राहणाऱ्या पोलिश कुटुंबाची आजी मात्र बॅग भरून आली, राहिली. चांगली बाई आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण माझा कर आणि त्यांचा कर वेगळा आहे का? आई 2015 ला गेली.

—

बुधवार, दुपारी 2:40
प्रेषक: रेडिंगच्या वहिनी

दादा, आईचं माहीत नव्हतं. वाईट वाटलं.
तरी लिहिते, रागावू नका. तो नियम ब्रसेल्सनं, म्हणजे युरोपियन युनियननं, केला नाही, आपल्याच होम ऑफिसनं केला, आणि तेव्हा होम सेक्रेटरी होत्या त्याच थेरेसा मे आज पंतप्रधान आहेत. उलट आमच्या ओळखीच्या एका ब्रिटिश जोडप्यानं आयर्लंडमध्ये नोकरी धरली, तिथे सासूबाईंना आणलं आणि युरोपच्या कायद्यानं त्यांना इथे घेऊन आले. म्हणजे जे दार थोडं उघडं होतं तेच आपण लावून घेतोय.

—

बुधवार, दुपारी 3:05
प्रेषक: स्लाउचा एक सभासद

वहिनी, नोकरी सोडून आयर्लंडला जाणं सगळ्यांना जमत नाही. आणि नियम कुणी केला ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मला विचारलं गेलं तो प्रश्न एकच होता, उत्तर त्यालाच द्यायचं होतं.

—

बुधवार, रात्री 9:15
प्रेषक: खजिनदार

पानाची पावती पाठवा, पैसे देतो. पावती नसेल तर कठीण आहे.
जाता जाता: आपल्या मंडळाच्या घटनेत एक ओळ बदलायची तरी दोन तृतीयांश मतं लागतात. देशाची घडी बदलायला साधं बहुमत पुरलं. माझा आक्षेप 2016 च्या आधीचा आहे, नंतरचा नाही. आता पुन्हा घेतलं आणि 52-48 उलटं आलं तर काय मिळवलं? पुन्हा तेच, फक्त रडणारे दुसरे.
शिवाय वेळ कुठे आहे? यूसीएल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हिशेब मांडलाय: कायदा करण्यापासून मतदानापर्यंत किमान 22 आठवडे. युनियन सोडायची मुदत 29 मार्चला संपते.

—

गुरुवार, 21 मार्च, सकाळी 9:20
प्रेषक: ताशावाली

खजिनदार काका, मुदत वाढते, कालच पंतप्रधानांनी वाढवून मागितली.
आणि वॉटफर्ड काका, लोकांना दोनदा विचारायचं नाही, पण पार्लमेंटला चालतं? युनियन सोडण्याचा तोच करार जानेवारीत 432 विरुद्ध 202 नं पडला, मार्चमध्ये 391 विरुद्ध 242 नं पडला, आणि तिसऱ्यांदा आणायला निघाले तेव्हा सोमवारी स्पीकरसाहेबांना, एकदा नाकारलेला ठराव त्याच अधिवेशनात जसाच्या तसा पुन्हा आणता येत नाही, असा 1604 सालचा दाखला काढून अडवावं लागलं. 2016 च्या मतपत्रिकेवर फक्त 'राहा' आणि 'सोडा' होतं. सोडून कुठे जायचं ते कुठे लिहिलं होतं? डॅनिश लोकांनाही दुसऱ्या वेळी चार सवलती पदरात घेऊन विचारलं होतं, तोच कागद पुन्हा नाही दिला. आम्हालाही आता हातात आलेला करार दाखवून विचारा. 'सोडा' आलं तर मी स्वतः गप्प बसेन.

—

गुरुवार, सकाळी 9:48
प्रेषक: वॉटफर्डचे काका

स्पीकरचा मुद्दा बरोबर आहे, तो मी मानतो. पण तोच नियम तुम्हालाही लावा की.
ढोल देणार नाही. उद्या पाऊस पडला तर पान पुन्हा मीच बदलायचं. तू गप्प बसशील यावर तर माझा मुळीच विश्वास नाही.

—

गुरुवार, सकाळी 10:30
प्रेषक: सेक्रेटरी

मंगळवारी 'विषय संपला' असं लिहिलं होतं. त्याच्या आधारे आता उत्तरं बंद करा. पावती मला नाही, खजिनदारांना पाठवा.

—

गुरुवार, सकाळी 10:34
प्रेषक: नाटक विभाग

दोन की साडेचार?