मदत हवी आहे: लेख सगळीकडे फिरतोय, ब्लॉगवर कुणी फिरकत नाही

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी कृपया हलवावा.

ब्लॉगरवर माझा एक ब्लॉग आहे. विषय मुंबईची ट्राम. बाबा ट्रामवर कंडक्टर होते. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली तेव्हा त्यांची ड्यूटी नव्हती. गर्दीत, रस्त्याच्या कडेला, चार लोकांसारखे उभे राहिले होते. ते त्यांना कायम लागून राहिलं. पुढे बसवर गेले, पण घरात बोलणं ट्रामचंच. दादर टीटीमधलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे आमच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. आता परळहून बसने जाताना शेजारच्या मुलीला सांगितलं तर तिला वाटलं मी थट्टा करतेय. तेव्हा लिहायला घेतलं. बँकेतून निवृत्त झाले होतेच, भाच्याने ब्लॉग उघडून दिला. आतापर्यंत ४३ लेख झालेत.

एका लेखाला वाचक पन्नास-साठ. त्यात दहाबारा नातेवाईक, आणि बऱ्याच वेळा मीच. ते माझं मला चालतंय. पण यंदाच्या मार्चमध्ये जे झालं त्यानंतर गप्प बसवेना.

शेवटच्या ट्रामवरचा लेख टाकला. त्यात बाबांच्या तिकीटपंचाचा फोटो होता, मुठीच्या जागी पार गुळगुळीत झालेला. पाचव्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहात तोच लेख आला, डोक्यावर दुहेरी बाण, म्हणजे बऱ्याच वेळा पुढे ढकललेला. खालचं माझं नाव आणि ब्लॉगचा पत्ता छाटलेला, तिथे कुणा भलत्याच गृहस्थांचं नाव. 'माझे बाबा ट्रामवर कंडक्टर होते' हे वाक्य मात्र जसंच्या तसं! चौथ्या मजल्यावरच्या काकांनी मला मुद्दाम फोन केला. "वाचलंस का? ह्यांचे वडील तुझ्या बाबांच्या ओळखीतले असणार. काय सुंदर लिहिलंय बघ मुलाने." मी म्हटलं, काका, ते माझं आहे. तर म्हणाले, "असं? मग खाली नाव नाही का टाकायचं?"

त्या दिवशी ब्लॉगवर वाचनं होती चार.

करून पाहिलेले उद्योग सांगते. जुन्या मुंबईवरच्या एका मोठ्या फेसबुक समूहात लेखाचा दुवा दिला की 'जाहिरात नको' म्हणून पोस्ट उडते. तिथेच अख्खा लेख चिकटवला की बदामांचा पाऊस, पण ब्लॉगवर येत कुणीच नाही. इन्स्टाग्रामवर फोटोखाली पत्ता लिहीत होते, तो दाबता येत नाही हे दोन महिन्यांनी कळलं. व्हॉट्सॲपवर दुवा टाकला तर ना चित्र, ना मथळा, आणि शेपटाला 'ब्लॉग-पोस्ट' आणि एक आकडा. सख्खी बहीण म्हणाली, "अगं, मी उघडलाच नाही. असल्या दुव्यांनी खाती रिकामी होतात म्हणे."

त्यात आता एका वेब पोर्टलची मेल आलीय. सगळे ४३ लेख द्या, नाव देऊ, मानधन नाही, हक्क 'कायमस्वरूपी'. भाचा म्हणतो देऊन टाक, निदान लोक वाचतील. शिवाय एका दिवाळी अंकाला लेख पाठवायचा मनात आहे, तो ब्लॉगवर आधी टाकला तर चालतो का?

म्हणजे माझा खरा गोंधळ असा आहे की अख्खा लेख सगळीकडे वाटत सुटू, की दोन परिच्छेद दाखवून 'पुढे ब्लॉगवर वाचा' म्हणू? दुसरं मला वाचक म्हणून स्वतःलाच आवडत नाही.

– ट्रामकन्या

भाऊचा धक्का

ताई, आधी दुव्याचं शेपूट. ब्लॉगरला देवनागरी मथळ्यातून पत्ता बनवता येत नाही. अक्षरं गाळतो आणि 'ब्लॉग-पोस्ट' चिकटवून मोकळा होतो. लेख प्रसिद्ध करायच्या आधी उजवीकडे परमालिंक (लेखाचा पत्ता) उघडा, कस्टम निवडा आणि रोमन लिपीत दोनतीन शब्द लिहा, 'shevatchi-tram-mumbai' असे. जुन्या लेखांचे पत्ते उगाच बदलू नका, आतापर्यंत जिथे जिथे दुवा गेलाय तिथे तो मेलेला निघेल. अगदीच बदलायचा तर सेटिंग्जमध्ये रिडायरेक्ट आहे, जुना पत्ता दाबणाऱ्याला नव्यावर नेणारं. (वर्डप्रेसवाल्यांचं दुखणं उलटं. तिथे देवनागरी पत्ता होतो, पण चिकटवला की एकट्या 'ट' ची टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ अक्षरं होतात.)

आता चित्र. फेसबुक आणि व्हॉट्सॲप दोघंही पानाच्या पोटातले ओपन ग्राफ टॅग वाचतात, म्हणजे दुव्यासोबत कुठलं चित्र, कुठला मथळा दाखवायचा हे सांगणाऱ्या खुणा. लेखात सगळ्यात वर एक आडवा फोटो ठेवा, साधारण १२०० बाय ६३० च्या मापाचा, फार जड नको. सेटिंग्जमध्ये सर्च डिस्क्रिप्शन (लेखाचं थोडक्यात वर्णन) चालू करा आणि दर लेखाला दोन ओळी लिहा. आधी दुवा टाकून मग फोटो बदललात तर फेसबुक जुनंच दाखवत बसतं. त्यांचा शेअरिंग डीबगर आहे, त्यात पत्ता टाकून 'स्क्रेप अगेन' करा, म्हणजे ते पान नव्याने वाचतं.

बहिणाबाई मग उघडतील.

लोअर परळ फास्ट

व्हॉट्सॲपवरची छाटणी थांबणार नाही, ते सोडून द्या. पण तुम्ही नाव शेवटच्या ओळीत टाकताय. ती कापायचीच जागा आहे! नाव मजकुरात मुरवा. बाबा ड्यूटीवरून आले आणि पायरीवरूनच ओरडले, "सुमे, पाणी आण गं", असं मध्ये कुठेतरी येऊ द्या. मग ते गृहस्थ एकतर सुमी होतील नाहीतर अख्खा परिच्छेद पुन्हा लिहितील. दोन्हीचा त्यांना कंटाळा असतो. पंचाच्या फोटोवरही ब्लॉगचं नाव टाका, कोपऱ्यात नको, पंचाला लागून.

आणि दुहेरी बाण आला की तो संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे धाडता येतो, एप्रिल २०२० पासून. म्हणजे तुमचा लेख लोकांनी एकेकाला हाताने पाठवलाय. त्याचं थोडं बरं वाटून घ्या.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीच्या (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा धाडायच्या) नादाला लागू नका. २५६ जणांची मर्यादा, आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच संदेश जातो. व्हॉट्सॲप चॅनल काढा. सप्टेंबर २०२३ पासून भारतात आहे, तिथे एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, म्हणून बायका बिनधास्त येतात असा आमच्या कविता-चॅनलचा अनुभव.

इन्स्टावर दुवा बायोमध्ये द्या, पाचपर्यंत देता येतात. पण खरं सांगू? ट्रामचा वाचक तिथे नाही. वेळ घालवू नका.

कौलारू

पोर्टलला 'हो' म्हणा, पण ४३ ला नाही आणि 'कायमस्वरूपी'ला तर अजिबात नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे करारात मुदत लिहिलीच नाही तर ती पाच वर्षं धरतात. म्हणून तर ते मुदत आवर्जून लिहितायत. ५७ व्या कलमाने लेखक म्हणून नाव सांगायचा हक्क तुमच्याकडेच राहतो, हक्क विकले तरी. तेव्हा 'नाव देऊ' हे काही ते उपकार करत नाहीयेत.

तीनचार लेख द्या. मेलमध्ये स्पष्ट लिहा की हे हक्क एकट्या त्यांना नाहीत, मुदत अमुक वर्षं, आणि लेखाच्या सुरुवातीलाच 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून मूळ लेखाचा दुवा. तळाशी दिलेला दुवा कुणी बघत नाही. तुमच्याकडे लेख आधी येऊ द्या, गूगलच्या शोधात दिसायला लागू द्या, मग तिकडे. नाहीतर पोर्टल मोठं म्हणून शोधात तेच वर आणि तुम्ही नकलाकार. पूर्वी यासाठी कॅनॉनिकल टॅग (मूळ लेख कुठला हे गूगलला सांगणारी खूण) मागायचो, पण २०२३ पासून गूगलच सांगतंय की दुसरीकडे छापायला दिलेल्या मजकुरासाठी त्यावर विसंबू नका, छापणाऱ्याने आपलं पान नोइंडेक्स करावं, म्हणजे ते शोधात दिसू नये अशी खूण त्यावर घालावी. मागून बघा. बहुतेक नाही म्हणतील, पण त्यावरून माणसं कळतात.

फीडही बघा, म्हणजे ब्लॉगवरचे नवे लेख वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोचवणारी सोय. १ जुलै २०१३ ला फीड वाचायचा गूगल रीडर बंद झाला तेव्हा आमच्यासारख्यांचे अर्धे वाचक एका रात्रीत गेले, पण फीड मेलं नाही. ब्लॉगरमध्ये पूर्ण फीड की थोडकं हे निवडता येतं. मी पूर्णच ठेवतो. फीडमधल्या प्रत्येक लेखाखाली आपोआप येणारी एक तळटीपही घालता येते. चोरटी संकेतस्थळं फीडमधूनच मजकूर उपसतात, तेव्हा त्यांच्या पानावर तुमचा पत्ता जातो आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

शाईपेन

दिवाळी अंकाचं सांगते, एका अंकाचं संपादन करते म्हणून. आम्ही 'अप्रकाशित' म्हणतो त्यात ब्लॉग आला, फेसबुकही आलं. तुमचे साठ वाचक असोत की साठ हजार. ब्लॉगवर न टाकलेला एखादा लेख राखून ठेवा आणि पावसाळा सरायच्या आत पाठवा. अंक बाजारात राहिल्यावर दोनतीन महिन्यांनी ब्लॉगवर घ्यायला बहुतेकांची हरकत नसते, पण विचारून. लेखकपरिचयात ब्लॉगचं नाव द्या. कागदावरून पत्ता टाइप करून येणारा वाचक थोडा असतो, पण तो मागचे सगळे लेख वाचतो.

फेसबुकवर 'पुढे वाचा' मला तरी खटकतं. त्या समूहात एक प्रसंग पूर्ण द्या, तिथेच सुरू होऊन तिथेच संपणारा. काकांच्या फोनचा द्या ना.

ट्रामकन्या

सगळ्यांचे आभार. शेवटच्या ट्रामला आडवा फोटो चढवला, डीबगर केला, बहिणीने दुवा उघडला. लेख तिने आज पहिल्यांदाच वाचला, हे कळून वाईट वाटायला हवं होतं.

पोर्टलला तीन लेख, दोन वर्षं, असं कळवलं. नोइंडेक्सचंही विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, ते काय असतं?" तरी तीन लेख देतेय, दुवा सुरुवातीला द्यायचं त्यांनी कबूल केलंय. चॅनल काढलं. पहिले सभासद चौथ्या मजल्यावरचे काका.

एकच शंका राहिली. फीडची तळटीप घातली. ती व्हॉट्सॲपवर कुणी मजकूर उचलला तर जाते का हो बरोबर?

लोअर परळ फास्ट

नाही जात. तिथे सुमीच.