दुधाची ॲलर्जी आणि दातांचं क्रीम: ट्यूबवर 'केसीन' लिहिलंय, चालेल का?

पारिजात
मुलगा सात वर्षांचा, वजन २० किलो. गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे, आयजीई प्रकारची (लगेच प्रतिक्रिया येणारी); घोटभर दुधानेही अंगावर गांधी उठतात. पहिल्या पक्क्या दाढा आल्या त्याच पिवळट-तपकिरी डाग घेऊन, कडा आत्ताच झडायला लागल्यात. निदान एमआयएच, म्हणजे दाढा आणि पुढच्या दातांचं इनॅमल (वरचं कठीण आवरण) कच्चं राहणं. रात्री ब्रश झाल्यावर लावायला एक क्रीम लिहून दिलंय आणि त्याच्या ट्यूबवर बारीक अक्षरात 'केसीन' दिसतंय. गिळायचं नाही, थुंकायचं आहे, तर चालतं का? नसेल तर दुसरं काय वापरायचं? फ्लोराईड वार्निशही (दवाखान्यात दातांवर लावतात तो लेप) सुचवलंय, त्यातही दूध असतं का?

बालदंत
ते क्रीम वापरू नका. आजच बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करून ॲलर्जी सांगा.

त्यातला मुख्य घटक सीपीपी-एसीपी, म्हणजे केसीनचे तुकडे आणि कॅल्शियम-फॉस्फेट यांची जोडी. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं. ते ट्रिप्सिन या एन्झाइमने तोडून जे तुकडे मिळतात, ते कॅल्शियम-फॉस्फेटला गुठळ्या न होऊ देता दाताजवळ धरून ठेवतात, म्हणून एमआयएचमध्ये हे क्रीम इतकं लिहून दिलं जातं. पण म्हणजे ते दुधाच्या प्रथिनापासूनच बनलेलं आहे. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर वापरू नये, असं बनवणारेही सांगतात.

'थुंकलं की झालं' हे इथे लागू होत नाही. वापरायची पद्धतच बघा: बोटाने दातांवर चोळायचं, तीन मिनिटं तसंच ठेवायचं, उरलेलं जिभेने तोंडभर फिरवून आणखी एक-दोन मिनिटं धरायचं, मग थुंकायचं आणि चूळ भरायची नाही. एवढा वेळ ते ओठ, जीभ, हिरड्यांना लागून राहतं, थोडं गिळलंही जातं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात दुधाची ॲलर्जी असलेल्या ११ वर्षांच्या मुलीचा असल्याच, दुधाचं प्रथिन असलेल्या, डॉक्टरांनी दिलेल्या पेस्टमुळे मृत्यू झाला होता. घरचे खाण्याची लेबलं डोळ्यांत तेल घालून वाचतात, टूथपेस्टचं लेबल मात्र कुणी उलटून बघत नाही. म्हणून हे ठासून सांगतोय.

लेबलवर केसीन, केसीनेट, व्हे, सीपीपी-एसीपी, रिकॅलडेंट (सीपीपी-एसीपीचंच व्यापारी नाव), लॅक्टोफेरिन, लॅक्टोपेरॉक्सिडेझ यांपैकी काहीही दिसलं तरी नको. शेवटची दोन नावं एन्झाइमवाल्या काही टूथपेस्टमध्ये सापडतात. काही च्युइंगगममध्येही सीपीपी-एसीपी असतं.

वार्निश घ्याच. नेहमीचं ५ टक्के सोडियम फ्लोराईडचं (२२,६०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तितके भाग फ्लोराईड) वार्निश दुधाशिवायच बनतं, पण काही वार्निशमध्ये मुद्दाम सीपीपी-एसीपी घातलेलं असतं. त्यामुळे लावण्याआधी पाकीट मागा आणि स्वतः वाचा. बऱ्याच वार्निशमध्ये राळ असते, ती चिकटपट्टीच्या गोंदातही असू शकते. चिकटपट्टीने पुरळ उठत असेल तर तेही आधी सांगा.

घरी १,४५० पीपीएम फ्लोराईडची पेस्ट, वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा. नुसतं थुंकायचं, चूळ नको. क्रीमऐवजी ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा नॅनो हायड्रॉक्सिॲपेटाइटवालं उत्पादन विचारा. ते दुधापासून येत नाही, तरी बाकीची यादी वाचायचीच. आणि कडा झडत असतील तर नुसत्या क्रीमवर वेळ घालवू नका. ग्लास आयोनोमरचं (दाताला चिकटणाऱ्या सिमेंटचं) आवरण किंवा स्टीलची कॅप यांचा विचार लवकर झालेला बरा.

सावली
लॅक्टोज न पचणं ही वेगळी गोष्ट आहे. ती तक्रार साखरेची, ही प्रथिनाची. नुसतं लॅक्टोज न पचणाऱ्या मुलाला हे क्रीम सहसा चालतं, म्हणून दवाखान्यात 'दूध चालत नाही' एवढंच सांगू नका. 'दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी' असं लिहूनच द्या.

दुधाऐवजी काय देता हेही बघा. दुधातलं लॅक्टोज दातांना साखरेएवढं बाधत नाही, आणि केसीन, कॅल्शियम, फॉस्फेट उलट इनॅमलला सांभाळतात. ओट किंवा तांदळाच्या पेयात एन्झाइमने पिष्टाची साखर झालेली असते, त्यामुळे 'साखर घातलेली नाही' असं लिहिलेलं असूनही ते गोड लागतं. जेवणासोबत द्या, घोट-घोट दिवसभर नको, आणि रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. कॅल्शियम घातलेलं पेय (१०० मिलीला साधारण १२० मिग्रॅ) घ्या आणि दर वेळी डबा जोरात हलवा, नाहीतर कॅल्शियम तळाशीच राहतं. शेळीचं दूध हा पर्याय नाही, प्रथिनं फार सारखी असतात.

निरगुडी
एक गोष्ट राहिली. पडून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर 'दुधात घालून आणा' असं सगळीकडे सांगतात. एरवी सल्ला बरोबर आहे, पण तोच दात पुन्हा रक्ताळलेल्या खोबणीत बसवायचा असतो. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी दूध नको. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, सलाइनने हलकेच विसळा आणि शक्य तर तिथेच बसवून रुमाल चावायला द्या. जमलं नाही तर मुलाला वाटीत थुंकायला सांगून त्या लाळेत किंवा सलाइनमध्ये ठेवून न्या. साधं पाणी अगदीच नाइलाज असेल तर. दात कोरडा राहिला तर तासाभरात मुळावरच्या पेशी मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. हे शाळेतही लिहून द्या, कारण तिथे प्रथमोपचार करणारी व्यक्ती भल्या मनाने दुधाचाच पेला पुढे करेल.

पारिजात
क्रीम बंद केलं. शाळेचं तर लक्षातच आलं नव्हतं. वार्निशच्या दिवशी ॲड्रेनालिनचं पेन (गंभीर ॲलर्जीत टोचायचं तयार इंजेक्शन) सोबत ठेवायचं ना?

बालदंत
हो, पेन कायम सोबतच. ओठ सुजणं, आवाज बसणं, सारखा खोकला, शिट्टीसारखा श्वास, एकाएकी मलूल होणं यांपैकी काही दिसलं तर आधी ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. दवाखान्यात कुपीतून द्यायचं झालं तर किलोमागे ०.०१ मिग्रॅ, म्हणजे २० किलोला १ मिग्रॅ/मिलीच्या कुपीतलं ०.२ मिली. आडवं झोपवून पाय उंच. श्वास लागत असेल तर बसतं ठेवा. पाच मिनिटांत उतार नाही तर दुसरा डोस, आणि उतार पडला तरी रुग्णालयात न्यायचंच. ॲलर्जीचं सिरप देऊन वाट बघत बसू नका, सूज आणि दम त्याने थांबत नाही.