पितळी गडव्यावरची चकाकी आणि निळ्या भिंतीची छटा: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरातल्याच वस्तू मांडून फोटोचा सराव चालू आहे: गडवा, कोपर, पायली, कंदील, खलबत्ता. आमच्याकडे पितळ मोडीत देऊन स्टील घेणं सुरूच आहे. ही भांडी जाण्याआधी प्रत्येकाचा एक तरी नीट फोटो असावा असं फार वाटतं. नुसती नोंद नको. गडव्याचा गळा, पोटावरचे ठोके, बुडाशी धरलेला काळपटपणा, सगळं दिसलं पाहिजे.

सामान म्हणजे जुना डीएसएलआर, सोबत आलेली 18-55 लेन्स आणि ट्रायपॉड. ओसरीचं दार उत्तरेला आहे, तेवढाच उजेड. दुपारी कवेलूंच्या फटींतून कवडसे पडतात, म्हणून सकाळीच काढते. आयएसओ 100, एफ/8, शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास, टायमर लावून.

अडचण अशी, की गडव्याच्या पोटावर दाराची पांढरीफटक उभी पट्टी येते. एक्स्पोजर उतरवलं की बाकीचा गडवा काळा पडतो. शिवाय मी आणि ट्रायपॉड दोघंही त्यात दिसतो. भिंतींना नीळ घातलेला चुना आहे, त्यामुळे सावलीची बाजू निळसर येते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, तिच्यासाठी बदलला तर शेजारची संत्री भडक होतात. सीपीएल फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायचा पोलरायझर, घे असं एकानं सुचवलं. घ्यावा का?

प्रतिसाद

ताई, फिल्टरवर पैसे घालू नका. पोलरायझर पाणी, काच, पानं यांच्यावरची चकाकी कमी करतो, उघड्या धातूवर त्याचं फारसं चालत नाही. गडवा हा गोल आरसाच आहे, आणि ती पट्टी म्हणजे त्यात दिसणारं तुमचं दार. म्हणून त्याला काय दिसतं तेच बदला. जुनं पांढरं धोतर दारात एकेरी ताणून बांधा आणि गडवा त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पट्टी रुंद होईल, तिच्या कडा विरतील. दुसऱ्या बाजूला काळी घोंगडी उभी केली की त्या कडेला गडद रेघ येते आणि गोलाई उठून दिसते.

निळ्या छटेचं कारण भिंतीवरून उलटून येणारा उजेड आहे. एकाच भांड्यावर दोन रंगांचा उजेड असेल तर व्हाइट बॅलन्स एकालाच सांभाळतो. फ्रेमबाहेरची भिंत चादरीनं झाका. कॅमेरा मागे नेऊन लेन्स 55 वर झूम करून काढा, म्हणजे तुमचं प्रतिबिंब लहान होईल. ट्रायपॉडवर काळं कापड टाकून फक्त लेन्स बाहेर ठेवा. आणि रॉमध्ये काढा, म्हणजे जेपीईजी न करता कॅमेऱ्याची मूळ फाइल ठेवा, रंग नंतर नीट करता येतात.

प्रतिसाद

लहान वस्तूंसाठी एक भर घालतो. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टननं 1930 मध्ये ढोबळ्या मिरचीचा जो गाजलेला फोटो काढला, त्यात मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. आतल्या पत्र्यावरून उजेड तिच्या अंगाभोवती फिरला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, कडा दुमडून, खलबत्त्यामागे वाकवून लावा. खर्च काहीच नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. धोतरानं पट्टी मऊ झाली, चादरीनं निळेपणा गेला, पितळाचा पिवळा रंग परत आला. मात्र पूर्ण दार झाकलं की ठोके सपाट होतात. धोतर अर्ध्या दारापर्यंतच ठेवलं तर उजेड आणि अंधार जिथं भेटतात तिथं एकेक ठोका दिसतो. मला तेच हवं होतं, त्यामुळे मी अर्धंच ठेवणार आहे.

आता सुपातला वेचलेला कापूस घ्यायचा आहे. समोरून उजेड आला की तो नुसता पांढरा गोळा होतो, तंतू दिसत नाहीत. उजेड अगदी बाजूनं घ्यावा की थोडा मागून? आणि मागून घेतला तर सुपाची वीण काळी पडू नये म्हणून समोर काय ठेवावं?