एआय साधनांनी काम लवकर होते, की लवकर झाल्यासारखे वाटते?

अर्धविराम (प्रश्न)

नमस्कार. मी चौदा वर्षे बॅकएंडचे, म्हणजे वापरकर्त्याला न दिसणाऱ्या सर्व्हरकडच्या प्रोग्रामिंगचे, काम करतो आहे. वर्षभरापूर्वी आमच्या टीममधील प्रत्येकाच्या एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये, कोड लिहून देणारा एआय सहायक आला आणि आता आठवड्याच्या बैठकीत कोणी तो किती वापरला हे आधी विचारले जाते. कामाचे काय झाले हा प्रश्न नंतर येतो. साधन वापरायला माझा तात्त्विक विरोध नाही आणि मी ते रोज वापरतो. मात्र वेळ वाचल्याची जी भावना मला संध्याकाळी होते, ती महिन्याच्या शेवटी पूर्ण झालेल्या कामात कुठेच दिसत नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. आमची एक सेवा दुसऱ्या सेवेकडे व्यवहाराची नोंद पाठवते. नेटवर्क अडखळले तर नोंद पुन्हा पाठवणारे फंक्शन हवे होते. सहकाऱ्याने ते सहायकाकडून लिहून घेतले. कोड देखणा होता: तीन प्रयत्न, प्रत्येक प्रयत्नानंतर दुप्पट थांबणे, व्यवस्थित लॉग, नीटस टिपणे. सोबत चाचण्याही होत्या आणि त्या सर्व उत्तीर्ण होत होत्या. दोघांनी रिव्ह्यू केला, म्हणजे कोड वाचून मंजूर केला, त्यातला एक मी.

अकरा दिवसांनी दुहेरी नोंदी सापडू लागल्या. टाइमआउट झाला, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही, तर विनंती पोहोचलीच नाही, असे त्या कोडने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात विनंती पोहोचते, नोंद होते आणि केवळ उत्तर वाटेत हरवते, असेही घडते. प्रत्येक विनंतीला स्वतःची ओळख-की दिली असती, तर समोरच्या सेवेने दुसरी नोंद नाकारली असती. चाचणीतला, समोरच्या सेवेची नक्कल करणारा खोटा सर्व्हरही पहिल्या वेळी काहीही न नोंदवता अपयशी होत होता, म्हणजे कोडमधले चुकीचे गृहीतक चाचणीतही जसेच्या तसे उतरले होते. खऱ्या आणि दुबार नोंदी वेगळ्या करण्यात आमचे दोन पूर्ण दिवस गेले. मंजुरी माझीच होती, त्यामुळे दोष मी साधनावर ढकलत नाही. पण ते फंक्शन हाताने लिहायला मला दीड तास लागला असता आणि लिहिताना 'उत्तर आले नाही तर?' या प्रश्नापाशी मी नक्की थांबलो असतो.

मी साधन चुकीच्या पद्धतीने वापरतो आहे, की त्याच्या उपयुक्ततेचा गवगवाच जास्त आहे?

रिकामा कंस

आपल्याला जे जाणवले आहे त्याचे मोजमाप झालेले आहे. मेटर या संशोधन संस्थेने २०२५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १६ अनुभवी मुक्त-स्रोत प्रोग्रामरांनी त्यांच्याच, वर्षानुवर्षे परिचयाच्या प्रकल्पांमधील २४६ कामे केली आणि कोणत्या कामात एआय वापरायचे व कोणत्यात नाही हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता की एआयमुळे वेळ २४ टक्क्यांनी कमी होईल. प्रत्यक्षात तो १९ टक्क्यांनी वाढला. मला सर्वांत बोलकी वाटते ती यापुढची गोष्ट: कामे संपल्यानंतरही त्यांना आपला वेळ २० टक्क्यांनी वाचला असेच वाटत होते. म्हणजे संध्याकाळी येणारी ती भावना पुरावा म्हणून धरताच येत नाही, मग ती आपली असो वा आपल्या मॅनेजरची.

याच्या उलट बाजूला कोपायलट या एआय कोड-सहायकाचा २०२२ मधील प्रयोग हमखास दाखवला जातो. त्यात ९५ प्रोग्रामरांना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा एचटीटीपी सर्व्हर (वेबवरील विनंत्यांना उत्तर देणारा प्रोग्राम) लिहायला सांगितले होते आणि साधन मिळालेल्या गटाने ते काम ५५.८ टक्के कमी वेळात केले. संशोधकांपैकी काही जण साधन बनवणाऱ्या कंपनीचेच होते, हे बाजूला ठेवू. काम कोणते होते ते पाहावे: कोरी पाटी, स्पष्ट मागणी, आधीचे काहीही सांभाळायचे नाही. असे काम आपल्यापैकी कितीजणांच्या वाट्याला येते? मेटरच्या प्रयोगातील माणसे मोठ्या आणि जुन्या कोडमध्ये वावरत होती, आणि तिथे कोड टंकण्याचा वेळ मुळातच थोडा असतो. अर्थात ती साधने २०२५ च्या पूर्वार्धातील होती आणि १६ ही संख्या लहान आहे, त्यामुळे १९ हा आकडा आजच्या साधनांना जसाच्या तसा लावू नये. अंदाज आणि वास्तव यांच्यातील तफावत मात्र विसरू नये.

तळटीप

मी थोडा विरोधी सूर लावतो. टाइमआउटची हीच चूक मी स्वतः, शुद्ध हाताने, २०१३ मध्ये केली आहे, आणि तेव्हा दोष द्यायला कोणी सहायक नव्हता.

माझ्या मते कोणते काम साधनाकडे द्यावे याची कसोटी एकच आहे: तपासायला लागणारा वेळ करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा खूपच कमी असला पाहिजे. माझ्याकडे पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली एक जुनी स्क्रिप्ट आली होती, सुमारे दोन हजार ओळींची, लिहिणारा केव्हाच निघून गेलेला आणि व्हेरिएबलांची नावे एकेका अक्षराची. सहायकाकडून ती मी आधी समजून घेतली, मग पायथॉनमध्ये लिहून घेतली. त्याच्या स्पष्टीकरणावर मी क्षणभरही विश्वास ठेवला नाही. जुनी आणि नवी स्क्रिप्ट तीन वर्षांच्या साठवलेल्या फाइलींवर चालवली आणि निकाल बाइट-बाइट ताडून पाहिले. फरक निघतील तेवढेच वाचायचे, एवढेच माझे काम उरले. जे हाताने करायला महिना गेला असता, ते आठवड्यात झाले.

आपल्या प्रसंगात असा ताडून पाहण्याजोगा बाहेरचा आधार नव्हता. कोड आणि चाचणी एकाच हाताने लिहिलेली होती, आणि परीक्षार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढल्यावर निकालाचे कौतुक कशाला करायचे?

जुना रिव्ह्यूअर

वेळ लिहिणाऱ्याचा वाचतो आणि वाचणाऱ्याचा जातो. हिशेब मांडताना फक्त पहिला आकडा मोजला जातो, ही माझी तक्रार आहे. आमच्याकडे पूर्वी ८० ओळींची येणारी पुल रिक्वेस्ट (तपासून सामावून घेण्यासाठी पाठवलेला कोडमधला बदल) आता ६०० ओळींची येते. तिच्यात उघड चुका नसतात, आणि अवघड तेच आहे. नवख्या माणसाचा कच्चा कोड कच्चा दिसतो, त्यामुळे डोळा सावध राहतो. सहायकाचा चुकीचा कोडही अनुभवी माणसाने लिहिल्यासारखा दिसतो. सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीचा अभ्यास करणाऱ्या डोरा या उपक्रमाच्या २०२४ च्या अहवालात असे नोंदले आहे की एआयचा स्वीकार २५ टक्क्यांनी वाढतो तिथे सॉफ्टवेअर पोहोचवण्याची स्थिरता (नवे बदल काही न मोडता चालणे) अंदाजे ७.२ टक्क्यांनी घटलेली दिसते. एकावेळी पाठवल्या जाणाऱ्या बदलांचा आकार वाढणे हे कारण त्यांनी सुचवले आहे, आणि मला ते पटते.

तपासणाऱ्यावर पडणारे ओझे पाहायचे असेल तर इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचे साधन असलेल्या कर्ल या मुक्त-स्रोत प्रकल्पाकडे पाहावे. सुरक्षेतील त्रुटी कळवणाऱ्यांना तिथे बक्षीस दिले जात असे. एआयने लिहिलेल्या, वाचायला भारदस्त पण आत पोकळ अशा तक्रारींचा इतका भडिमार झाला की प्रकल्पाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२६ अखेर ती बक्षीस योजनाच बंद केली. खोटी तक्रार लिहायला एक मिनिट पुरते आणि ती खोटी आहे हे ठरवायला जाणकाराचा अर्धा दिवस जातो.

आणखी एक बदल मला खुपतो. पूर्वी रिव्ह्यूमध्ये 'हे असे का केले?' असे विचारले की समोरचा चुकीचे का होईना, पण स्वतःचे उत्तर द्यायचा. परवा एका मुलाला मी तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "एक मिनिट, सर, विचारून सांगतो," आणि त्याने तो प्रश्न सहायकालाच विचारला. उत्तर छान आले. पण तो कोड लिहिला गेला तेव्हा ते कारण कोणाच्याही मनात नव्हते. संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये मांडले होते की प्रोग्राम म्हणजे केवळ मजकूर नव्हे, तर तो रचणाऱ्यांच्या डोक्यातील त्याविषयीची समज होय. ती माणसे गेली की मजकूर उरतो आणि प्रोग्राम मरतो. आमच्याकडे माणसे जागेवर आहेत, तरीही ती समज तयार होत नाही.

अर्धविराम

सर्वांचे आभार. 'परीक्षार्थ्यानेच प्रश्नपत्रिका' हे वाक्य मी टीममध्ये सांगणार आहे. अपयशाच्या शक्यता आणि त्यांच्या चाचण्या आधी माणसाने हाताने लिहाव्यात, कोड मग कोणीही लिहावा, असे आम्ही सोमवारपासून करून पाहतो. शिवाय पुढचे दोन महिने प्रत्येक कामाआधी नाणे उडवून एआय वापरायचे की नाही हे ठरवणार आहे आणि खरा वेळ वहीत लिहिणार आहे. मॅनेजरांना हे कसे सांगावे, ते अजून ठरलेले नाही.

तळटीप, एक विचारायचे राहिले. आपल्या तुलनेत जे फरक निघाले, ते नव्या स्क्रिप्टच्या चुकांमुळे होते का?

तळटीप

काही होते. पण सर्वांत मोठा गट जुन्या स्क्रिप्टच्या चुकीचा निघाला. पूर्णांक करताना ती दशांशानंतरचे अंक नुसते तोडत असे. नव्या कोडमध्ये सहायकाने एका शब्दानेही न सांगता ते योग्य रीतीने जवळच्या पूर्णांकात आणले होते. मी खूश झालो. मग पुढची यंत्रणा सांभाळणाऱ्या बाईंनी फोन केला: त्यांच्या महिन्याच्या बेरजा त्या तोडलेल्या आकड्यांशीच जुळवलेल्या होत्या. ही गोष्ट कोडमध्ये कुठेही लिहिलेली नव्हती, फक्त त्यांना ठाऊक होती. ती चूक आम्ही परत घातली आणि वर चार ओळींचे टिपण लिहिले. टिपण मी हाताने लिहिले.