मदत हवी आहे: जुन्या रोड सायकलचे गिअर क्लिकवर बसत नाहीत

काकांनी १९८९ साली जपानहून आणलेली रोड सायकल पुन्हा रस्त्यावर काढली आहे. मागे ७ गिअर, शिफ्टर (गिअर बदलायची दांडी) फ्रेमच्या खालच्या नळीवर. शिफ्टरची कडी फिरवून क्लिक (प्रत्येक गिअरचा ठरलेला टप्पा) बंद केले की सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. क्लिकवर ठेवले की मोठ्या चक्रीकडे चढताना ठीक, उतरताना मात्र चेन तिसऱ्या-चौथ्याच्या मधे खरखरत अडकते. बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) अर्धा फेरा फिरवला तर चढताना बोंब! दोन चक्र्यांत अंतर जेमतेम ५ मिमी, त्यामुळे केबल जराशी अडली तरी गणित चुकतं.

केबल नवीच आहे, पण मागच्या चाकाजवळ केबल वळते तिथे मेकॅनिकने ब्रेकचं, गुंडाळलेल्या पट्टीचं आउटर (केबलवरचं आवरण) कापून बसवलंय. माझा संशय त्यावर. तो म्हणतो, हँगर (मागची गिअरयंत्रणा जिथे टांगलेली असते तो फ्रेमचा कान) वाकलाय. आधी सरळ तारांचं गिअर आउटर टाकू की हँगर तपासून घेऊ?