पायथन २.७ वरून ३ वर जाताना व्याज जुळत नाही, मराठी नावं फुटतात

ऐरोली_बिलिंग:
ऐरोलीतल्या काही सोसायट्यांची देखभाल बिलं काढणारा प्रोग्राम आम्ही स्वयंसेवक सांभाळतो. पायथन २.७, जँगो (पायथनमधली वेबसाइट बनवायची चौकट) १.११. टू-टू-थ्री (पायथन २ चा कोड आपोआप ३ साठी बदलणारं साधन) चालवल्यावर तो पायथन ३.७ वर सुरू होतो, पण २५०० रुपये थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांनी महिन्याचं व्याज आधी ४३ यायचं, आता ४३.७५ येतं. सदस्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली यादी) विंडोजवर वाचताना युनिकोड डीकोड एरर येते, म्हणजे अक्षरं उलगडत नाहीत. लिनक्सवर तीच फाइल नीट चालते. शिवाय पाच-सहा जणांत काम कसं वाटावं?

नौपाडा_बाइट:
व्याजाचं कारण भागाकार. २.७ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळतो: २५०० × २१ = ५२५००, ५२५००/१०० = ५२५, मग ५२५/१२ = ४३. पायथन ३ मध्ये / पूर्ण उत्तर देतो. टू-टू-थ्री या चिन्हाला हात लावत नाही, कारण नुसता कोड वाचून आकड्यांचा प्रकार त्याला कळत नाही. जुना कोड २.७ वर 'मायनस थ्री' पर्याय देऊन चालवा, अशा प्रत्येक भागाकारावर इशारा येईल. मात्र जी ओळ प्रत्यक्ष चालते तिच्यावरच, म्हणून थकबाकी, आगाऊ भरणा, अर्धवट भरणा सगळी प्रकरणं त्यातून जाऊ द्या.

सापडलेल्या जागी आत्ता // (अपूर्णांक सोडून देणारा भागाकार) टाका, म्हणजे ४३ च येईल. वरचे ७५ पैसे धरायचे की नाही हा कमिटीचा निर्णय आहे, तो या कामात मिसळू नका. राउंडही तपासा: १६२.५ चे २.७ मध्ये १६३ होतात, ३ मध्ये १६२, कारण नेमका अर्धा आला की ते सम संख्येकडे जातं. पुढे पैशांसाठी डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) आणि 'राउंड हाफ अप' (अर्धा आला की वर नेणं) वापरा.

वाशी_लिनक्स:
एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) न सांगता फाइल उघडली की इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर सीपी-१२५२ हा युरोपीय अक्षरांचा तक्ता धरला जातो. तुमची फाइल यूटीएफ-८ या पद्धतीत आहे, तिच्यात 'ऐ' चा शेवटचा बाइट या तक्त्यात नाही, म्हणून 'ऐरोली' वर एरर. हलन्त आणि ऱ्हस्व उकाराचंही तेच. 'ठाणे' चे सगळे बाइट तक्त्यात आहेत, त्यामुळे एरर न येता नाव मुकाट्याने बिघडतं आणि तसंच डेटाबेसात जातं. हे जास्त घातक. प्रत्येक ओपनला एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या, सीएसव्हीसाठी न्यूलाइन रिकामी ठेवा. एक्सेलमध्ये उघडायच्या फाइली यूटीएफ-८-सिग (सुरुवातीला ओळखखूण असलेलं यूटीएफ-८) मध्ये लिहा.

पावतीत रकाना भरायला नावाची लांबी मोजत असाल तर तिथेही बघा. 'ठाणे' ची लांबी २.७ च्या साध्या स्ट्रिंगमध्ये १२ येते, ३ मध्ये ४.

ऐरोली_बिलिंग:
आधी दोन्ही आवृत्त्यांवर चालणारा कोड करावा का?

नौपाडा_बाइट:
दुसरं कोणी तुमचा कोड लायब्ररी म्हणून वापरत नसेल तर त्याची गरज नाही. २.७ वर एप्रिल ते मार्चची सगळी बिलं काढून फाइलीत ठेवा. नवा कोड तीच बिलं काढेल, फरक एका पैशाचाही नको. ही तुलना एकाने सांभाळावी, बाकीच्यांनी एकेक मॉड्यूल घ्यावं. टू-टू-थ्रीचे बदल एका कमिटमध्ये (कोडच्या इतिहासातली एक नोंद), हाताने केलेले वेगळ्या. नाहीतर तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही.

जँगो आत्ता हलवू नका. १.११ पायथन ३.७ वर चालतं. बिलं जुळल्यावर जँगो २.२, मग ३.२, मग ४.२. जँगो २.० पासून फॉरेन कीला (एका तक्त्यातून दुसऱ्याकडे बोट दाखवणारा रकाना) 'ऑन डिलीट', म्हणजे मूळ नोंद पुसली तर काय करायचं हे सांगणं, सक्तीचं आहे, मॉडेल्समध्ये ते आधीच भरून ठेवा. टू-टू-थ्री पायथन ३.१३ मधून काढून टाकलंय, तेव्हा ते चालवायला एका मशीनवर ३.१२ किंवा त्याआधीचं ठेवा.